एम२, केमन की ९११ : ट्रॅकवर हाताला आणि पाठीला जाणवणारा फरक

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चार वर्षांपासून तुमच्याकडे २३० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस आहे. ती घेऊन तुम्ही कोइम्बतूरच्या कारी ट्रॅकवर आणि ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर ट्रॅक-डे, म्हणजे स्वतःची गाडी ट्रॅकवर चालवण्याचे दिवस, केले आहेत. आता नवी बीएमडब्ल्यू एम२, वापरलेली पोर्शे ७१८ केमन किंवा ९९१ पिढीतली वापरलेली ९११ करेरा, यांपैकी एक घ्यायचा विचार आहे. परीक्षणे वाचून गोंधळ वाढला, कारण तिन्ही गाड्यांना सगळेच ‘शार्प’ आणि ‘प्लांटेड’ म्हणतात. ट्रॅकवर चालवताना या तिघींत नेमका काय फरक जाणवेल, एवढेच तुम्हाला हवे आहे.

म्हणजे कोणती गाडी जास्त वेगवान आहे, हा तुमचा प्रश्न नाही, आणि ते चांगलेच आहे. लॅप टाइमवरून दोन गाड्यांच्या स्वभावातला फरक कळत नाही. सरळ पट्ट्यावरचा जोरही फारसे काही सांगत नाही, कारण त्याची सवय चार-पाच लॅपमध्ये होते. खरा फरक दिसतो तो वळणावर ब्रेक सोडायला सुरुवात केल्यापासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत. या वेळात गाडीचे वजन पुढच्या टायरांवरून बाहेरच्या बाजूला आणि तिथून मागे सरकते. इंजिन कुठे बसवले आहे आणि एकूण वजन किती आहे, यावर ते सरकणे किती झटकन आणि कशा रीतीने होईल हे ठरते. ट्रॅक-डेला शिकणाऱ्यांच्या शेजारच्या सीटवर बसून मी गेली अनेक वर्षे हीच दोन-तीन सेकंदे पाहतो आहे, आणि पुढचे सगळे विवेचन त्याच अनुभवावर उभे आहे.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून असते ते सांगणे भाग आहे, नाहीतर तुम्ही चुकीच्या गोष्टीची तुलना कराल. सगळ्यात मोठा वाटा टायरांचा असतो. तीच केमन साध्या रस्त्याच्या टायरांवर आणि ट्रॅकसाठीच्या मऊ टायरांवर चालवली, तर दोन वेगळ्या मॉडेलांइतकी निराळी वाटते. हवेचा दाबही तितकाच महत्त्वाचा आहे. सकाळी थंड टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल, तर चार-पाच जोरकस लॅपनंतर ती सहज ६ ते ८ पीएसआयने वाढते. मग टायर मधोमध फुगतो, त्याच्या कडा जमिनीला नीट टेकत नाहीत, आणि गाडी घसरू लागली की चालक दोष गाडीला देतो. आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात हे आणखी लवकर घडते. म्हणून कोणाच्या गाडीत एक फेरी मारून मत बनवण्याआधी टायर कोणते आहेत, किती जुने आहेत आणि गरम असताना दाब किती होता, हे तीन प्रश्न जरूर विचारा. व्हील अलाइनमेंटचा परिणामही असाच मोठा असतो. पुढच्या चाकांना थोडा जास्त कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवण्याचा कोन) दिला, तर ‘नाक आत येत नाही’ ही अर्धी तक्रार संपते.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. हा फरक लोणावळ्याच्या किंवा महाबळेश्वरच्या घाटात शोधायला जाऊ नका. सार्वजनिक रस्त्यावर सुरक्षित वेगात या गाड्यांचे टायर आपल्या मर्यादेच्या जवळपासही पोहोचत नाहीत, त्यामुळे तिघीही तिथे सारख्याच शांत वाटतात. फरक दिसतो तो मर्यादेपाशी, आणि ती मर्यादा शोधण्याची जागा ट्रॅकच आहे.

आता तुलनेचा पाया म्हणून तुमची ऑक्टाव्हियाच घेऊ. तिचे इंजिन पुढे आहे, ताकद पुढच्या चाकांना जाते, आणि चारही टायर एकाच मापाचे आहेत. पुढच्या दोन टायरांना ब्रेकिंगचा मोठा भाग सांभाळायचा असतो, गाडी वळवायची असते आणि ओढायचीही असते. वळणात वेग थोडा जास्त झाला की सगळ्यात आधी तेच दमतात आणि गाडी बाहेरच्या बाजूला सरकते. यावर तुमच्या पायाने एक उपाय शिकून घेतला आहे. ॲक्सिलरेटर थोडा सोडायचा, मग वजन पुढे येते, पुढचे टायर पुन्हा पकड घेतात आणि नाक आत वळते. ऑक्टाव्हियात हा उपाय बहुतेक वेळा निर्धोक असतो. चार वर्षांत तो इतका अंगवळणी पडला आहे की तुम्ही तो करता हे तुम्हाला कळतही नसेल. ही सवय लक्षात ठेवा, कारण तिन्ही गाड्या तिला तीन वेगळी उत्तरे देतात, आणि माझ्या मते तुमची निवड यावरच व्हायला हवी.

गाडीचा स्वभाव कागदावर ओळखायचा असेल, तर ताकदीच्या आकड्याआधी टायरांची मापे पाहा. एम२ ला पुढे २७५ मिलिमीटर आणि मागे २८५ मिलिमीटर रुंदीचे टायर येतात, म्हणजे जवळजवळ सारखेच. केमनच्या मूळ आवृत्तीत पुढे २३५ आणि मागे २६५. ९९१ पिढीच्या उत्तरार्धातल्या साध्या करेरात पुढे २३५ आणि मागे थेट २९५. वजन कुठे आहे आणि कोणत्या टोकाला सांभाळून ठेवायचे आहे, याचा कारखान्याने दिलेला हा कबुलीजबाबच आहे.

एम२ पासून सुरुवात करतो. पुढे तीन लिटरचे सहा सिलिंडरचे दोन टर्बोचे इंजिन, आवृत्तीनुसार ४६० ते ४८० अश्वशक्ती, ताकद मागच्या चाकांना, आणि वजन सुमारे १,७०० किलो, तेही पुढे-मागे जवळजवळ निम्मे-निम्मे वाटलेले. ऑक्टाव्हियातून उतरून या गाडीत बसलात, तर पहिल्या लॅपला तुम्हाला तीच सर्वांत ओळखीची वाटेल. समोर लांब बॉनेट आहे, आपण गाडीच्या मध्यापेक्षा थोडे मागे बसतो, आणि स्टीअरिंग फिरवले की नाक आधी वळते व मागचा भाग क्षणभराने येतो. पुढचे टायर इतके रुंद आहेत की वळणात शिरताना ते सहसा हात टेकत नाहीत. तुमची ॲक्सिलरेटर सोडण्याची सवय इथे फारशी महागात पडत नाही. नाक थोडे आत येते, मागचा भाग थोडा हलका होतो, आणि हे सगळे सावकाश घडत असल्याने हाताला उत्तर द्यायला वेळ मिळतो.

एम२ मधला खरा कस वळणातून बाहेर पडताना लागतो. आवृत्तीनुसार ५५० ते ६०० न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मागच्या दोन टायरांवर येतो, आणि टर्बोमुळे तो पायाच्या हालचालीपेक्षा किंचित उशिरा, पण भरभरून येतो. शेजारच्या सीटवरून मला हे चालकाच्या उजव्या पायात दिसते. एपेक्सपाशी, म्हणजे वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूपाशी, हात शांत असतात, पण पाय ॲक्सिलरेटरवर दोन-तीनदा दबतो आणि मागे येतो, जणू परवानगी विचारत असतो. हा संकोच जाऊन पाय एकाच लयीत खाली जाऊ लागला की समजायचे, चालकाला एम२ कळली. स्टीअरिंगमधून रस्त्याची बारीक खबर मात्र कमी येते. या गाडीत मागच्या टायरांची अवस्था कमरेला आधी समजते, हातांना नंतर.

केमनमध्ये इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या ॲक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पुढे असते. वजन साधारण १,३५० किलो, त्यातले सुमारे ५५ टक्के मागे. दोन्ही टोकांना घागरी अडकवलेली कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळून पाहा, आणि मग तेवढेच ओझे पाठीशी घट्ट बांधून वळा. एम२ आणि केमन यांच्या वळण्यात नेमका हा फरक आहे. केमनमध्ये स्टीअरिंग फिरवल्यावर पुढचा भाग आणि मागचा भाग एकाच वेळी वळतात. गाडी आपल्या कमरेभोवती फिरते असे वाटते, आणि ही जाणीव पहिल्याच लॅपला येते. कारीसारख्या सुमारे दोन किलोमीटरच्या, एकामागून एक वळणे असलेल्या ट्रॅकवर याचा आनंद फार मोठा आहे, कारण तिथे गाडी सतत एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला झुकवावी लागते.

पण झटकन वळणारी गाडी सुटतेही झटकन. केमनची पकड फार मोठी आहे, आणि ती सुटण्याआधी स्टीअरिंग बोलते. पुढचे टायर थकू लागले की स्टीअरिंग हातात किंचित हलके होते, आणि हा इशारा तिन्ही गाड्यांत केमनमध्येच मला सर्वांत स्पष्ट जाणवतो. तो चुकवून वळणाच्या मध्यात पाय एकदम उचलला, तर मागचा भाग एम२ पेक्षा लवकर बाहेर येतो आणि सावरायला वेळ कमी मिळतो. साध्या ७१८ केमनमध्ये दोन लिटरचे चार सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे, ३०० अश्वशक्तीचे. त्याच्या आवाजावर पुष्कळ टीका झाली आहे, पण ट्रॅकवर आवाजापेक्षा टर्बोचा उशीर जास्त जाणवतो. वळणाच्या मध्यात ॲक्सिलरेटरने गाडी तोलून धरायची असते, आणि तिथे पाय व इंजिन यांच्यातले अंतर खुपते. आधीच्या ९८१ पिढीत सहा सिलिंडरचे, बिनटर्बोचे इंजिन होते. पाय जितका दाबाल तितकेच आणि तत्क्षणी मिळते, म्हणून शिकण्यासाठी मला ते अधिक प्रामाणिक वाटते. बाजारात नीट सांभाळलेली ९८१ मिळाली, तर ती जरूर पाहा. चार लिटरची, ४२० अश्वशक्तीची केमन जीटी४ या दोन्हींपेक्षा सरस आहे, पण तिची किंमत तुम्ही सांगितलेल्या अंदाजपत्रकाच्या बरीच पुढे जाते.

आता ९११, जिच्याबद्दल सर्वांत जास्त लिहिले जाते आणि सर्वांत जास्त गैरसमजही आहेत. तिचे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे असते, त्यामुळे सुमारे ६० टक्के किंवा त्याहून किंचित जास्त वजन मागच्या चाकांवर असते. याचे दोन परिणाम आहेत, आणि दोन्ही एकाच कारणातून येतात. बाहेर पडताना मागच्या टायरांवर इतका भार असतो की ॲक्सिलरेटर इतर गाड्यांपेक्षा कितीतरी आधी दाबता येतो. ३७० अश्वशक्तीची करेरा घट्ट वळणातून निघताना एम२ च्या बरोबरीने पळू शकते, ती याच बळावर. पण आत शिरताना पुढे वजन कमी असल्याने पुढचे टायर आपणहून चावत नाहीत. ब्रेक पूर्ण सोडून मग स्टीअरिंग फिरवले, तर नाक तरंगत बाहेरच्या बाजूला जाते.

हा प्रसंग शेजारून कसा दिसतो ते सांगतो, कारण पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीतून आलेल्या बहुतेक चालकांकडून मी तो पाहिला आहे. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणाच्या मध्ये एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, आणि त्याच्या शेवटी उजवीकडचे घट्ट वळण. चालक सरळ रेषेत छान ब्रेक लावतो, पाय पूर्ण उचलतो आणि स्टीअरिंग फिरवतो. गाडी हवी तितकी वळत नाही. म्हणून हात आणखी फिरतात, आणि आता चाक गरजेपेक्षा जास्त वळलेले असते. मग जुनी सवय जागी होते आणि तो ॲक्सिलरेटरवर टेकवू लागलेला पाय उचलतो. वजन पुढे येते, आधीच जास्त वळलेले पुढचे टायर एकदम पकड घेतात, आणि त्याच क्षणी मागचा जड भाग हलका होतो. लंबकासारखे बाहेर झेपावणारे ते वजन मग थांबवणे कठीण असते. ऑक्टाव्हियात ज्या हालचालीने गाडी सावरत होती, तीच हालचाल इथे गाडी फिरवते.

उपाय माहीत असला की अवघड नाही. वळणात शिरतानाही ब्रेकवर हलका दाब राहू द्यायचा आणि स्टीअरिंग जसजसे वळेल तसतसा तो कमी करत न्यायचा, म्हणजे पुढच्या टायरांवर भार टिकतो आणि नाक आत बसते. मग संयमाने थांबायचे, गाडीचे तोंड वळणातून बाहेर पडण्याच्या दिशेला येऊ द्यायचे, आणि एकदा पाय दाबायला सुरुवात केली की मागे घ्यायचा नाही. ही लय जमली की ९११ इतके समाधान देणारी गाडी मला दुसरी माहीत नाही, कारण तिच्यात प्रत्येक चांगले वळण चालकाने घडवलेले असते. पोर्शेने हा स्वभाव बराच सौम्यही केला आहे. ९९७ पिढीच्या तुलनेत ९९१ चा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) १०० मिलिमीटरने वाढला, म्हणजे २,४५० मिलिमीटर झाला, आणि पाय चुकीच्या वेळी उचलला तर इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही मदतीला धावते. तरी त्या यंत्रणेच्या भरवशावर शिकणाऱ्याला ९११ कधीच कळत नाही. यंत्रणा सतत चुका झाकत राहते, आणि चालक समजतो की आपण बरोबर चालवतो आहोत.

एकच वळण पाहून तिघींची पारख करायची असेल, तर बुद्ध सर्किटचे दहावे-अकरावे वळण निवडा. उजवीकडचे, आतल्या बाजूला उतार असलेले ते लांबलचक वळण संपता संपत नाही, म्हणून गाडी तिथे बराच वेळ एका तोलावर धरावी लागते. एम२ मध्ये तुम्ही तिथे बाहेरच्या पुढच्या टायरची काळजी वाहता. केमनमध्ये चारही टायर सारखेच काम करत असल्याचे जाणवते आणि पायाच्या अंगठ्याएवढ्या हालचालीने रेषा आत-बाहेर करता येते. ९११ मध्ये ॲक्सिलरेटर स्थिर धरून मागच्या टायरांवर टेकून राहायचे असते. पाय थरथरला की नाक डोलू लागते.

तुम्ही विचारले नाही, पण ब्रेकच्या उष्णतेबद्दल सांगितल्याशिवाय ही तुलना अपुरी राहील, कारण दुसऱ्या सत्रात गाडी कशी वाटते हे तीच ठरवते. समजा, त्या लांब पट्ट्याच्या शेवटी केमन ताशी २०५ किलोमीटरवर आणि एम२ ताशी २२५ वर पोहोचते, आणि दोघींना ८० वर यायचे आहे. एम२ चे वजन सव्वापट आहे, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब केला, तर तेवढ्या एका ब्रेकिंगमध्ये एम२ च्या ब्रेकना केमनच्या दीडपटीहून अधिक उष्णता पचवावी लागते. ती प्रत्येक लॅपला साचत जाते. डॉट ४ दर्जाच्या नव्या ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो, पण हवेतला ओलावा शोषलेल्या जुन्या फ्लुइडसाठी ती किमान मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. पावसाळा काढलेल्या जुन्या फ्लुइडवर ट्रॅकवर गेलात, तर चौथ्या-पाचव्या लॅपला पेडल खोल जाऊ लागेल. तेव्हा गाडीचा स्वभाव वगैरे सगळे बाजूला राहते. कोणतीही गाडी घेतलीत तरी ट्रॅक-डेआधी ताजे, जास्त उत्कलनबिंदूचे फ्लुइड आणि ट्रॅकला योग्य ब्रेक पॅड ही पहिली खरेदी असू द्या. आणि जड गाडीला सत्राच्या मध्यात एक सावकाश लॅप द्या.

बाकी पर्यायांबद्दल थोडक्यात. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या, उदाहरणार्थ निस्सान जीटी-आर, बाहेर पडताना थक्क करतात. चालकाला मात्र त्या आत शिरतानाचा वेग काळजीपूर्वक ठरवायला लावतात, कारण वजनाला फसवता येत नाही. परदेशात राहणारे जे मराठी मित्र हे वाचत असतील, त्यांना मी वेगळेच सांगेन. तिथे मिळणारी, टनभराहून थोडीच जड असलेली माझदा एमएक्स-५ घ्या. कमी ताकद, अरुंद टायर आणि सावकाश घसरणारी गाडी वजनाचे सरकणे जितके स्वच्छ शिकवते, तितके वरची कोणतीच गाडी शिकवत नाही.

तुमच्यापुरते माझे मत असे. तुम्ही मुख्यतः कारीला जाता आणि पुढे चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवरही जायचे म्हणता, तर केमन घ्या, शक्यतो ९८१. वेग मर्यादित ठेवून शिकता येईल, टायर-ब्रेकचा खर्च आटोक्यात राहील, आणि पाय उचलण्याची तुमची सवय तिच्यात सुधारेल, कारण ती चूक लगेच दाखवते आणि थोड्या सावधपणे चालवले तर क्षमाही करते. घरातल्या चौघांना घेऊन रोज वापरायची एकच गाडी हवी असेल, तर तिघींत एम२ च त्यातल्या त्यात सोयीची, पण मग बुद्ध सर्किटसारख्या मोठ्या ट्रॅकवर जास्त जा, लहान ट्रॅकवर तिचे वजन तुम्हाला बांधून ठेवेल. ९११ ला मी नाही म्हणणार नाही. तिच्यासाठी एक पूर्ण मोसम प्रशिक्षकासोबत घालवायची तयारी मात्र हवी, आणि पहिले काही महिने ऑक्टाव्हियापेक्षाही सावकाश चालवण्याचा धीर हवा.

व्यवहार करण्याआधी विक्रेत्याला विचारून गाडी एखाद्या ट्रॅकवर चालवायला मिळते का ते पाहा, आणि मिळाली तर एकाच मध्यम वेगाच्या वळणावर तीन गोष्टी तपासा : ब्रेक हळूहळू सोडताना नाक किती आत येते, तोलून धरलेल्या वेगात स्टीअरिंग हातात किती बोलते, आणि पाय अगदी थोडा, सावकाश उचलल्यावर मागचा भाग किती लवकर हलतो. गाडी अनोळखी असताना हे मर्यादेच्या बरेच खाली करा, तरी स्वभाव कळतो. आणि जाण्याआधी विम्याची पॉलिसी काढून वाचा. आपल्याकडच्या नेहमीच्या खासगी कार विम्यात शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो, त्यामुळे ट्रॅकवर गाडी ठोकली गेली तर दुरुस्तीचा खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून करावा लागेल, हे धरूनच गाडीची किंमत ठरवा.